झेड हवे की ई? धातू-उत्प्रेरकांनी अल्कीनची भूमिती हातात ठेवण्याची रीत

अल्कीन म्हणजे कार्बन-कार्बन दुहेरी बंध असलेला रेणू. बंधाच्या दोन्ही टोकांचे वरच्या अग्रक्रमाचे गट एकाच बाजूला असले की तो झेड, विरुद्ध बाजूंना असले की ई. दुहेरी बंधाभोवती गट फिरवायचे तर त्यातला दुसरा बंध, म्हणजे पाय-बंध, मोडावा लागतो आणि त्याला मोलमागे सुमारे ६५ किलोकॅलरी ऊर्जा लागते. त्यामुळे शुद्ध झेड अल्कीन बाटलीत घालून ठेवले तर साध्या तापमानाला ते आपण होऊन ई होत नाही. तरीही प्रयोगशाळेत झेड हातचे जाते, आणि बहुतेक वेळा ते नेतो तो अल्कीन बनवणारा धातूच. पॅलेडियम, रुथेनियम, ऱ्होडियम यांच्यावर हायड्राइड (धातूला जोडलेला हायड्रोजन) असला की तो दुहेरी बंधावर बसतो. मधला बंध क्षणभर एकेरी होतो, गट फिरतात, हायड्राइड पुन्हा निघून जातो. ६५ किलोकॅलरींच्या डोंगराला अशी पायवाट मिळते. म्हणून भूमिती घडवणे हे अर्धेच काम आहे. घडलेली भूमिती त्याच उत्प्रेरकापासून वाचवणे हे उरलेले अर्धे, आणि चुका बहुधा तिथेच होतात.

ई बाबतही एक गैरसमज आहे. "ई जास्त स्थिर, म्हणजे समतोलाला सोडले की ई मिळेल" हे स्टायरीन किंवा अ‍ॅक्रिलेटसारख्या संयुग्मित अल्कीनला बऱ्यापैकी लागू पडते. साध्या डायअल्किल अल्कीनमध्ये मात्र दोन्ही रूपांतला फरक मोलमागे जेमतेम ०.७ ते ०.८ किलोकॅलरी असतो. त्यावर २५ अंश सेल्सिअसला तीन-चारास एक एवढेच प्रमाण मिळते. स्वच्छ ई हवे असेल तर तेही झेडइतक्याच नेमाने घडवावे लागते.

नाव आणि आकार यांत गल्लत नको

ई आणि झेड ही नावे गटांच्या अग्रक्रमावर ठरतात, म्हणून आकार तोच राहूनही नाव पालटू शकते. आतल्या अल्काइनवर (साखळीच्या मध्ये तिहेरी बंध असलेल्या रेणूवर) हायड्रोजन आणि सिलिकॉन विरुद्ध बाजूंनी जोडले की मिळणारे व्हिनिलसिलेन झेड ठरते, कारण सिलिकॉनचा अग्रक्रम कार्बनच्या वर असतो. सिलिकॉनच्या जागी हायड्रोजन आला की तेच ई अल्कीन होते. एकही गट जागचा हललेला नसतो. त्रिप्रतिस्थापित अल्कीनमध्ये हॅलोजन किंवा बोरॉन बदलून कार्बन आणतानाही, म्हणजे कपलिंगमध्येही, असेच घडते. प्रत्येक पायरीला कागदावर चित्र काढा, नावावर विसंबू नका. "कपलिंगमध्ये भूमिती उलटली" अशा तक्रारींत पुष्कळदा उलटलेले असते ते फक्त नाव.

अल्काइनपासून झेड: लिंडलार

द्विप्रतिस्थापित झेड अल्कीनसाठी पहिला विचार अर्ध-हायड्रोजनीकरणाचाच करावा. हर्बर्ट लिंडलार यांनी १९५२ मध्ये मांडलेला उत्प्रेरक म्हणजे कॅल्शियम कार्बोनेटवर बसवलेले ५ टक्के पॅलेडियम, शिशाच्या क्षाराने अर्धवट विषारलेले. अल्काइन पृष्ठभागावर आडवे बसते आणि दोन्ही हायड्रोजन त्याच एका बाजूने येतात, म्हणून झेड.

अल्काइन पॅलेडियमला अल्कीनपेक्षा खूप घट्ट धरते. ते शिल्लक असेपर्यंत तयार अल्कीनला पृष्ठभागावर जागाच मिळत नाही. सगळी निवडकता या रांगेवर उभी आहे. अल्काइन संपले की रांग मोडते, अल्कीन परत येऊन बसते आणि अल्केन (सगळे बंध एकेरी) होते, ई होते किंवा बंध शेजारी सरकतो. शिसे आणि क्विनोलिन अल्कीनची पकड आणखी सैल करतात. ते संरक्षण वेळ लांबवते, कायमचे टिकत नाही.

नमुन्यादाखल ५-डेकाइनपासून झेड-५-डेकीन, ५ मिलिमोल प्रमाणावर:

१. कोरड्या फ्लास्कमध्ये ७० मिलीग्रॅम लिंडलार उत्प्रेरक घ्या. यात पॅलेडियम सुमारे ०.७ मोल टक्के (अल्काइनच्या शंभर मोलांमागे ०.७) येते. फ्लास्क आर्गॉनने भरून मगच द्रावक घाला. कोरड्या पॅलेडियमवर हवेत हेक्झेन किंवा मेथॅनॉल ओतणे म्हणजे आगीला निमंत्रण.

२. हेक्झेन २० मिलीलिटर आणि ताजे ऊर्ध्वपातित क्विनोलिन ६० मायक्रोलिटर (०.१ इक्विव्हॅलंट, म्हणजे अल्काइनच्या मोलांच्या एक दशांश) घालून १० मिनिटे ढवळा. क्विनोलिनला पृष्ठभागावर बसायला वेळ मिळायला हवा. अल्काइन घातल्यावर वरून क्विनोलिन घालण्याने तोच परिणाम मिळत नाही.

३. ५-डेकाइन ६९१ मिलीग्रॅम घाला. फ्लास्क निर्वात करून आर्गॉनने भरा, असे तीनदा करा, आणि मग हायड्रोजनने तीनदा.

४. २० ते २५ अंशांवर जोरात ढवळा. वायू, द्रव आणि घन अशा तीन अवस्था आहेत. ढवळणे मंद असेल तर पृष्ठभागावर हायड्रोजन कमी पडतो, आणि अशा उपाशी पॅलेडियमवर अल्कीनचे समावयवीकरण जास्त होते.

५. हायड्रोजन मोजा. ५ मिलिमोलला २५ अंश आणि १ वातावरण दाबाला सुमारे १२२ मिलीलिटर लागतो. वायूची ब्युरेट जोडली तर ओढीचा वेग दिसतो. अल्काइन संपत आले की आलेखाला वळण पडते, तीच थांबण्याची जागा. फुग्यावर काम करत असाल तर हे वळण दिसणार नाही, म्हणून दर १५ मिनिटांनी नमुना काढून जीसीवर (वायू क्रोमॅटोग्राफी) तपासा.

६. थांबताना आधी आर्गॉनने हायड्रोजन हाकला, मग सेलाइटवर (गाळण्याची बारीक पूड) गाळा. गाळणीवरचा थर ओला ठेवा आणि ओला असतानाच पाण्याखाली टाका. शिसे असल्याने हा कचरा जड धातूंच्या वेगळ्या डब्यात जातो.

७. गाळीव द्रावण १ मोलर हायड्रोक्लोरिक आम्लाने दोनदा धुतले की क्विनोलिन निघते. रेणू आम्लाला नाजूक असेल तर थंड १० टक्के सायट्रिक आम्ल वापरा. मग बायकार्बोनेट, मिठाचे संपृक्त पाणी, आणि सोडियम सल्फेटवर सुकवणे.

साध्या टीएलसीवर (पातळ थराची क्रोमॅटोग्राफी) विसंबू नये. अल्काइन, अल्कीन आणि अल्केन यांचे ठिपके बहुधा एकावर एक येतात. टीएलसीची पट्टी १० टक्के सिल्व्हर नायट्रेटच्या अ‍ॅसिटोनायट्राइल द्रावणात बुडवून अंधारात सुकवली तर अल्कीन चांदीला धरून मागे राहते आणि अल्केन पुढे पळते. हा पाच मिनिटांचा खटाटोप पुष्कळ बॅच वाचवतो.

बिघडते कुठे? लिंडलारच्या दोन बाटल्या सारख्या वागत नाहीत. जुनी बाटली मंद असते, नवी कधी कधी इतकी तेज की दहा मिनिटांत सगळे पुढे निघून जाते. नवी बाटली उघडली की आधी अशाच स्वस्त अल्काइनवर चालवून वेग लिहून ठेवा. रेणूत थायोईथर किंवा थायॉल असेल तर अभिक्रिया सुरूच होत नाही, कारण गंधक पॅलेडियमला पुरते विषारते. तिथे उत्प्रेरक वाढवून फारसे साधत नाही, मार्ग बदलावा. अभिक्रिया निम्म्यावर अडली तर आर्गॉनखाली गाळून ताजा उत्प्रेरक द्या. हायड्रोजनचा दाब वाढवू नका, दाबाने अतिहायड्रोजनीकरण आधी वाढते. अल्केन ५ टक्क्यांवर जात असेल तर क्विनोलिन ०.५ इक्विव्हॅलंटपर्यंत वाढवा, किंवा हेक्झेनमध्ये १-ऑक्टीन मिसळा. अल्काइन संपल्यावर पृष्ठभागावरची जागा १-ऑक्टीन अडवते आणि तुमच्या अल्कीनऐवजी स्वतः हायड्रोजन घेते. द्रावक बदलूनही वेग आवरता येतो: मेथॅनॉलमध्ये अभिक्रिया झपाट्याने जाते, इथिल अ‍ॅसिटेटमध्ये जरा सावकाश.

लिंडलार हट्ट करत असेल तेव्हा पी-२ निकेल. पुष्कळ साध्या आतल्या अल्काइनसाठी तर तोच आधी वापरावा असे आमचे मत आहे, कारण तो दरवेळी ताजा बनतो आणि बाटलीच्या लहरीचा प्रश्न राहत नाही. निकेल अ‍ॅसिटेट टेट्राहायड्रेट १२४ मिलीग्रॅम (०.५ मिलिमोल) ५ मिलीलिटर ९५ टक्के इथॅनॉलमध्ये विरघळवा. हायड्रोजनखाली जोरात ढवळत सोडियम बोरोहायड्राइडचे इथॅनॉलमधले ताजे १ मोलर द्रावण ०.५ मिलीलिटर सोडा. हिरवे द्रावण काळेभोर होते आणि वायूचे बुडबुडे येतात. बुडबुडे थांबल्यावर इथिलीनडायअमीन ६७ मायक्रोलिटर (निकेलच्या दुप्पट) आणि मग ५ मिलिमोल अल्काइन घाला. इथिलीनडायअमीन विसरलात तर निवडकता कोसळते. या रीतीत अपयशाचे सर्वांत मोठे कारण बहुधा हेच असते. निकेलचे क्षार कर्करोगकारक आहेत, तोलताना हातमोजे आणि हूड हवेच.

टोकाच्या अल्काइनचे अर्ध-हायड्रोजनीकरण करताना भूमितीचा प्रश्नच येत नाही, म्हणून ते इथे सोडून देतो. डायीन-आइनसारख्या लांब संयुग्मित साखळीत मात्र लिंडलार थांबण्याचे नाव घेत नाही. तिथे तांबे आणि चांदीने सक्रिय केलेले जस्त, मेथॅनॉल-पाण्यात, हा जास्त विश्वासाचा मार्ग.

अल्काइनपासून ई: रुथेनियम

द्रव अमोनियातले सोडियम ई देते, पण बेंझिल गट, हॅलोजन, कार्बोनिल यांपैकी काहीही रेणूत असले की ते त्यालाही खाते. तिहेरी बंधाशेजारी अल्कोहोल असेल तर लिथियम अ‍ॅल्युमिनियम हायड्राइड किंवा रेड-अल सरळ ई अ‍ॅलिल अल्कोहोल देतात. तिथे उत्प्रेरकाची गरजच नाही. बाकी नाजूक रेणूंसाठी बॅरी ट्रोस्ट यांच्या गटाने २००२ मध्ये दिलेली दोन पायऱ्यांची रीत कामाची आहे: आधी विरुद्ध बाजूंनी हायड्रोसिलिलीकरण, मग सिलिकॉन काढून हायड्रोजन.

५ मिलिमोल आतले अल्काइन आणि ट्रायइथॉक्सिसिलेन ९८६ मिलीग्रॅम (१.२ इक्विव्हॅलंट) १० मिलीलिटर कोरड्या डायक्लोरोमिथेनमध्ये, आर्गॉनखाली, ० अंशावर घ्या. पेंटामिथाइलसायक्लोपेंटाडायनिल-रुथेनियम-ट्रिस-अ‍ॅसिटोनायट्राइल हेक्झाफ्लुओरोफॉस्फेट २५ मिलीग्रॅम (१ मोल टक्का) एकदम घाला. अभिक्रिया उष्णता सोडते, मोठ्या प्रमाणावर हे विसरू नये. मग खोलीच्या तापमानाला आणून तासाभराने तपासा. हा क्षार पिवळसर-नारिंगी असतो. तपकिरी पडला असेल तर हवा लागली आहे, तोलूच नका.

द्रावक उडवा, अवशेष १० मिलीलिटर टीएचएफमध्ये (टेट्राहायड्रोफ्युरान) घ्या, क्युप्रस आयोडाइड ९५ मिलीग्रॅम (१० मोल टक्के) आणि १ मोलर टीबीएएफ (टेट्राब्युटिलअमोनियम फ्लुओराइड) ११ मिलीलिटर घालून काही तास ढवळा. सिलिकॉनच्या जागी हायड्रोजन भूमिती राखून येतो आणि शुद्ध ई मिळते. तांबे वगळले तर ही पायरी रेंगाळते किंवा अर्धी राहते.

टीबीएएफ सिलिल ईथर संरक्षक गटही काढते. ते गट हवे असतील तर जलीय टीएचएफ-मेथॅनॉलमध्ये सिल्व्हर फ्लुओराइड वापरा, फ्लास्कला फॉइल गुंडाळून. असमान अल्काइनमध्ये सिलिकॉन दोनपैकी कुठल्याही कार्बनवर बसतो आणि मधल्या टप्प्याचा एनएमआर (चुंबकीय अनुनाद वर्णपट) गोंधळलेला दिसतो. घाबरू नका, सिलिकॉन गेल्यावर दोन्ही एकच ई देतात. ट्रायइथॉक्सिसिलेनची वाफ डोळ्यांना कायमची इजा करू शकते, आणि अल्कलीशी गाठ पडली तर त्यातून आपोआप पेटणारा सिलेन वायू सुटू शकतो. त्याची बाटली आणि अल्कलीचा कचरा एकत्र येऊ देऊ नका.

सिलिकॉनशिवाय एकाच पायरीत विरुद्ध बाजूंनी हायड्रोजन जोडण्याची रीत अलॉइस फ्युर्स्टनर यांच्या गटाने २०१३ मध्ये दाखवली. तिच्यात त्याच कुळातले रुथेनियम, चांदीचा ट्रायफ्लेट आणि साधारण १० बार हायड्रोजन लागतो. रीत सुंदर आहे. मात्र अल्केन आणि सरकलेल्या बंधाचे समावयवी थोडे थोडे सोबत येतात आणि ते वेगळे करणे किचकट असते. दाबाचे भांडे नसेल तर ट्रोस्टची रीत पुरेशी आहे.

बोरॉनमार्गे दोन्हीही

जिथे अल्कीनची एक बाजू अराइल किंवा दुसरे अल्कीन आहे, तिथे आधी ठरावीक भूमितीचे अल्किनिल बोरोनेट बनवून सुझुकी कपलिंग (पॅलेडियमच्या साहाय्याने बोरॉनच्या जागी कार्बन जोडणे) करावे. कपलिंग भूमिती राखते. म्हणजे खरा निर्णय बोरॉन बसवतानाच होऊन जातो.

ई बोरोनेट सोपे. टोकाचे अल्काइन, पिनाकोलबोरेन १.१ इक्विव्हॅलंट, श्वार्ट्झ अभिकारक (झिर्कोनियमचा हायड्राइड) १० मोल टक्के, ट्रायइथिलअमीन १० मोल टक्के, द्रावकाविना ६० अंशांवर १६ तास. झिर्कोनियम आणि हायड्रोजन एकाच बाजूने बसतात, झिर्कोनियमची जागा बोरॉन घेतो आणि ई पक्के होते. श्वार्ट्झ अभिकारक पांढरा असावा. उजेडात आणि ओलाव्यात तो गुलाबीसर-राखाडी पडतो, तसा असेल तर प्रमाण वाढवून फार उपयोग नाही.

झेड बोरोनेटसाठी २००० मध्ये मियाउरा यांच्या गटाने ऱ्होडियमची रीत दिली. ऱ्होडियम-सायक्लोऑक्टाडायीन क्लोराइड डायमर १.५ मोल टक्के, ट्रायआयसोप्रोपिलफॉस्फीन ६ मोल टक्के, ट्रायइथिलअमीन, सायक्लोहेक्झेन, खोलीचे तापमान, दोन ते चार तास. यात एक नियम मोडायचा नाही: अल्काइन जास्त, बोरेन कमी. अल्काइन १.२ इक्विव्हॅलंट घ्या आणि पिनाकोलबोरेन १.०. बोरेन उरले की ऱ्होडियमवर हायड्राइड तयार होतो आणि झेड बोरोनेटचे ई होऊ लागते. लिंडलारमध्ये जी रांग पाहिली तीच इथे आहे. अल्काइन शिल्लक असेपर्यंत झेड सुरक्षित. सवयीने बोरेन जास्त घालणाऱ्यांच्या हाती मिश्रण येते आणि दोष फॉस्फीनला दिला जातो.

कपलिंगला अराइल ब्रोमाइड १.०, बोरोनेट १.२, टेट्राकिसट्रायफेनिलफॉस्फीन पॅलेडियम ३ मोल टक्के, २ मोलर पोटॅशियम कार्बोनेटचे जलीय द्रावण ३ इक्विव्हॅलंट, डायऑक्सेन. ई साठी ८० अंश चालतात. झेड साठी ४० ते ५० अंशांवर सुरुवात करा आणि अराइल ब्रोमाइड संपताच थांबवा. "रात्रभर चालू देऊ" ही सवय इथे महागात पडते: उरलेले पॅलेडियम झेड स्टायरीनचे सावकाश ई करत राहते. अल्कलीत उकळले तर बोरॉन निघून जाऊन टोकाचे अल्कीनही मिळते. ऑक्सिजन काढायला द्रावकातून आर्गॉनचे बुडबुडे १५ मिनिटे सोडा. ऑक्सिजन राहिला तर बोरोनेट एकमेकांना जोडून डायीन होते आणि पॅलेडियम काळे पडते.

मूळ द्रव्य आल्डिहाइड असेल तर टाकाई अभिक्रिया आठवा: क्रोमियम(II) क्लोराइड ६ इक्विव्हॅलंट, आयोडोफॉर्म २ इक्विव्हॅलंट, टीएचएफ, ० अंश. ई व्हिनिल आयोडाइड थेट हाती येते. क्रोमियम पुष्कळ लागतो, त्यामुळे हे उत्प्रेरकाचे काम नव्हे, पण पुढच्या पॅलेडियम कपलिंगला याहून सोयीचे ई द्रव्य क्वचितच मिळते. क्रोमियम(II) क्लोराइड निर्जल आणि राखाडी-पांढरे असावे. हिरवट छटा म्हणजे त्याचे ऑक्सिडीकरण झालेले.

मेटाथेसिस

मेटाथेसिसमध्ये दोन दुहेरी बंध आपली टोके अदलाबदल करतात. साधे दुसऱ्या पिढीचे ग्रब्ज उत्प्रेरक (रुथेनियमचे) तयार झालेल्या अल्कीनलाही पुन्हा पुन्हा उघडतात आणि समतोलाकडे नेतात. दोन्ही बाजूंना अल्किल असेल तर वर सांगितलेले तीन-चारास एक हेच नशिबी येते. अ‍ॅक्रिलेटशी क्रॉस मेटाथेसिसमध्ये मात्र ई वीसास एक किंवा त्याहून चांगले सहज मिळते. मोठ्या वलयात आकाराचा ताण निकाल ठरवतो आणि आधी सांगणे कठीण. झेड वलय हवे असेल तर अल्काइन मेटाथेसिसने वलय बांधून मग लिंडलार लावणे हा फ्युर्स्टनर यांच्या गटाने १९९८ मध्ये दाखवलेला वळसा अजूनही सर्वांत भरवशाचा आहे.

थेट झेडसाठी दोन कुळे आहेत. श्रॉक आणि होवेदा यांची मॉलिब्डेनम-टंगस्टनची एक-अराइलऑक्साइड पायरोलाइड उत्प्रेरके, आणि ग्रब्ज गटाची २०११ पासूनची वलयबद्ध रुथेनियम उत्प्रेरके. दोन्हींत तत्त्व एकच: मधल्या चार अणूंच्या धातूवलयाच्या एका बाजूला इतकी दाटी असते की दोन्ही गटांना मोकळ्या बाजूलाच तोंड करावे लागते. मॉलिब्डेनमला ग्लोव्हबॉक्स हवाच, मोकळे अल्कोहोल आणि आल्डिहाइड त्याला चालत नाहीत. रुथेनियमची ही उत्प्रेरके अल्कोहोल सोसतात, पण साध्या ग्रब्जसारखी उघड्यावर वागवता येत नाहीत. ऑक्सिजनचा अंश त्यांना मारतो.

वापरताना १ ते ५ मोल टक्के, टीएचएफ, ३५ ते ४० अंश. इथिलीन बाहेर काढत राहणे महत्त्वाचे, मंद निर्वात किंवा आर्गॉनचा प्रवाह ठेवा. वलय बांधताना द्रावण ५ मिलिमोलरपेक्षा पातळ. ६०-७० टक्के रूपांतरावर झेड ९५ टक्के दिसते आणि लोभाने आणखी ताणले की ते ओसरते, कारण मरणारा उत्प्रेरक रुथेनियम हायड्राइड सोडतो. थोडे कमी उत्पादन घेऊन झेड राखणे बहुतेक वेळा शहाणपणाचे, कारण चूक समावयवी नंतर काढणे जास्त महाग पडते. बंध सरकलेले दिसत असतील तर साध्या ग्रब्ज उत्प्रेरकांसोबत १,४-बेंझोक्विनोन १० मोल टक्के घातल्याने हायड्राइडचा बंदोबस्त होतो. थांबवताना इथिल व्हिनिल ईथर भरपूर घालून अर्धा तास ढवळा. न थांबवलेले मिश्रण रोटरीवर (निर्वातात द्रावक उडवणारे यंत्र) गरम करत आटवणे म्हणजे उत्प्रेरकाला आणखी एक संधी देणे.

उजेडाने ई चे झेड

स्टायरीनसारख्या संयुग्मित ई अल्कीनला ऊर्जेच्या चढावर झेडकडे ढकलताही येते. फेशिअल ट्रिस-फेनिलपिरिडीन इरिडियम १ मोल टक्का, निळा एलईडी, ऑक्सिजन काढलेले अ‍ॅसिटोनायट्राइल. उत्तेजित इरिडियम आपली त्रिक ऊर्जा (दोन इलेक्ट्रॉनांची फिरकी सारखी असलेल्या उत्तेजित अवस्थेची) सपाट ई रेणूला देतो. झेड रेणू दाटीने पिळलेला असल्याने त्याची त्रिक ऊर्जा जास्त असते आणि इरिडियम त्याला सहज पोचत नाही. झेडला परतीची वाट अरुंद, म्हणून ते साठत जाते. सिनामिल अमीनसारख्या रेणूंत हे छान चालते. जिथे झेड पिळलेला नाही, म्हणजे अल्कीनवर किंवा शेजारी पुरेशी दाटी नाही, तिथे मिश्रणावरच अडते. ऑक्सिजन त्रिक अवस्था विझवतो, म्हणून गोठवून-उपसून-वितळवण्याची तीन आवर्तने टाळू नका.

मोजणी

निवडकता कच्च्या मिश्रणावर मोजा. शुद्ध केल्यानंतरचे प्रमाण स्तंभाने ठरवलेले असते, अभिक्रियेने नव्हे.

प्रोटॉन एनएमआरमध्ये शेजारच्या दोन व्हिनिल प्रोटॉनांचा कपलिंग स्थिरांक पाहा. दोन्ही बाजूंना कार्बन असेल तर सिस (दोन्ही प्रोटॉन एकाच बाजूला) सुमारे १० ते ११ हर्ट्झ, ट्रान्स (विरुद्ध बाजूंना) १५ ते १६. पण हे आकडे शेजारच्या अणूप्रमाणे हलतात. व्हिनिल बोरोनेटमध्ये ट्रान्स १८ आणि सिस १३ ते १४ असतो, तर व्हिनिल आयोडाइडमध्ये ट्रान्स १४ आणि सिस ७ च्या आसपास. १४ दिसले म्हणून बोरोनेट ट्रान्स समजून पुढे गेलात तर सगळी पुढची मालिका चुकते.

५-डेकीनसारख्या सममित अल्कीनमध्ये दोन्ही प्रोटॉन सारखेच, म्हणून स्थिरांक दिसतच नाही. तिथे कार्बन-१३ वर जा: दुहेरी बंधाशेजारचा कार्बन झेडमध्ये सुमारे २७ पीपीएम आणि ई मध्ये सुमारे ३२.५ पीपीएमला येतो. अवरक्त वर्णपटात ९६५ सेंटीमीटर व्यस्ताजवळची ठळक रेषा म्हणजे ट्रान्स. त्रिप्रतिस्थापित अल्कीनला नोएसी (कोणते प्रोटॉन अवकाशात जवळ आहेत ते दाखवणारा एनएमआर) हाच आधार. प्रमाणाचा नेमका आकडा जीसीवरून घ्या, आणि दोन्ही समावयवींचे मिश्रण एकदा मुद्दाम बनवून शिखरे वेगळी पडतात याची खात्री करा. एकच शिखर दिसणे म्हणजे एकच समावयवी असे नाही.

वेगळे करायची वेळ आलीच तर चांदीचा सिलिका. १० ग्रॅम सिल्व्हर नायट्रेट १०० मिलीलिटर अ‍ॅसिटोनायट्राइलमध्ये विरघळवा, ९० ग्रॅम सिलिका मिसळा, फॉइल गुंडाळून आटवा आणि अंधारात कोरडा करा. झेड चांदीला जास्त घट्ट धरते, म्हणून ई आधी उतरते. त्वचेवर आणि कपड्यांवर काळे डाग पडतात, आणि ते जात नाहीत. गोळा केलेले भाग मिठाच्या पाण्याने धुवा म्हणजे सोबत आलेली चांदी क्लोराइड होऊन खाली बसते.

झेड डायीन आणि झेड स्टायरीन साध्या ड्युटेरेटेड क्लोरोफॉर्ममध्ये ठेवू नका. त्यातले हायड्रोक्लोरिक आम्लाचे अंश रात्रीत भूमिती बदलतात आणि दोष मात्र उत्प्रेरकावर जातो. ड्युटेरेटेड बेंझीन घ्या, नाहीतर क्लोरोफॉर्म अल्कलीयुक्त अ‍ॅल्युमिनावरून गाळून लगेच वापरा. नमुना आर्गॉनखाली, अंधारात, उणे २० अंशांवर ठेवा. बाटलीत पॅलेडियमचा काळा कण दिसला तर साठवण्याआधी तो पुन्हा एकदा सेलाइटवर गाळून काढा.